फावल्या वेळातील अद्भुत: वंदना सिंग यांच्या कथा आणि विज्ञानकथेची मराठी कसोटी

प्रास्ताविक

दिवसा भौतिकशास्त्र शिकवावे आणि उरलेल्या वेळात कथा लिहाव्यात, असा जीवनक्रम असलेल्या लेखकाविषयी लिहिताना 'फावल्या वेळातील छंद' हा शब्दप्रयोग सहज वापरला जातो. त्यात कौतुक असते, तशी एक उतरंडही असते. विज्ञान हे मुख्य कार्य आणि कथालेखन हा विरंगुळा, असे त्यात गृहीत धरलेले असते. लेखन विज्ञानकथेचे असेल तर तो विरंगुळा उपयुक्त ठरतो, कारण त्यातून विज्ञानाचा प्रसार होतो. लेखन निखळ अद्भुतकथेचे असेल तर मात्र समीक्षक बुचकळ्यात पडतो. निसर्गनियमांचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय, त्या व्यक्तीने नियम मोडणाऱ्या कथा का लिहाव्यात, हा प्रश्न मग वाङ्मयीन राहत नाही. तो वैज्ञानिक निष्ठेचा प्रश्न होऊन बसतो.

वंदना सिंग यांच्या कथांच्या निमित्ताने हा प्रश्न नीट मांडता येतो. नवी दिल्लीत जन्मलेल्या आणि वाढलेल्या सिंग यांनी सैद्धांतिक कणभौतिकीत डॉक्टरेट मिळविली आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम स्टेट विद्यापीठात दीर्घकाळ भौतिकशास्त्राचे अध्यापन केले. त्यांचे लेखन इंग्रजीत आहे. 'द वुमन हू थॉट शी वॉज अ प्लॅनेट' हा त्यांचा कथासंग्रह २००८ साली दिल्लीच्या 'झुबान' या प्रकाशनसंस्थेने पेंग्विनच्या सहकार्याने प्रसिद्ध केला. 'अँबिग्युइटी मशीन्स अँड अदर स्टोरीज' हा दुसरा महत्त्वाचा संग्रह २०१८ सालचा असून, फिलिप के. डिक पुरस्काराच्या अंतिम यादीत त्याचा समावेश झाला होता. या दोन संग्रहांतील निवडक कथांच्या आधारे असे दाखविता येते की, सिंग यांच्या लेखनातील अद्भुत हे विज्ञानापासून घेतलेली सुट्टी नाही. विज्ञानाच्या पद्धतीला ज्या प्रश्नांना हात घालता येत नाही, ते प्रश्न विज्ञानाच्याच शिस्तीने हाताळण्याचे ते साधन आहे. तसे असेल तर, वैज्ञानिकाच्या कथेला 'हे विज्ञानदृष्ट्या शक्य आहे काय?' एवढाच प्रश्न विचारणारी मराठीतील रूढ कसोटी अपुरी ठरते.

मराठी समीक्षेतील कसोटी

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुताला मोठे स्थान होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आपल्या काळात आवडीने वाचल्या गेल्या. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीने वास्तववादाची प्रतिष्ठापना केली आणि 'अद्भुतरम्य' हा शब्द हळूहळू दोषवाचक बनला. अद्भुत म्हणजे बालिश, पलायनवादी, अपरिपक्व असे समीकरण रूढ झाले. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'मधील दीर्घकथांसारख्या रचनांना मान्यता मिळाली, ती मुख्यतः रूपक आणि प्रतीक म्हणून. तिथले अद्भुत दुसऱ्याच कशाचे तरी सूचन करते, अशी हमी समीक्षेला हवी होती.

विज्ञानकथेने ही हमी वेगळ्या प्रकारे दिली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केल्या आणि १९७४ साली जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवून पारितोषिक मिळविले. जगद्विख्यात शास्त्रज्ञाने आपल्या नावाचे वजन बाजूला ठेवून कथा परीक्षकांपुढे ठेवावी, ही घटना मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात मोलाची आहे. नारळीकरांनी या वाङ्मयप्रकाराला प्रतिष्ठा दिली आणि विज्ञानकथेचा विज्ञानाशी असलेला संबंध भक्कम असावा, हा आग्रहही दिला. २०२१ साली नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तो या प्रकाराचाच गौरव होता. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, त्या वेळीही वैज्ञानिक आणि कथाकार या दोन्ही भूमिकांचे स्मरण एकत्रच केले गेले.

हा आग्रह ऐतिहासिकदृष्ट्या आवश्यक होता, हे मान्य करायला हवे. 'विज्ञानकथा' या नावाखाली भुताखेतांच्या गोष्टी खपविल्या जाऊ नयेत, यासाठी अशी रेषा ओढणे भाग होते. अडचण आहे ती रेषेचे रूपांतर मूल्यमापनाच्या एकमेव निकषात होण्याची. रेषेच्या अलीकडची कथा केवळ तिच्यातील विज्ञान बरोबर आहे म्हणून चांगली ठरत नाही आणि पलीकडची कथा केवळ अशक्य घटनेमुळे वाईट ठरत नाही. शिवाय विज्ञान स्वतः स्थिर नसते. आज शक्य वाटणारी कल्पना उद्या चुकीची ठरली, तर कालपर्यंत चांगली असलेली कथा आज वाईट झाली असे म्हणावे लागेल. वाङ्मयीन मूल्य इतके परावलंबी असू शकत नाही.

ग्रह झालेली स्त्री

पहिल्या संग्रहाची शीर्षककथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रामनाथ मिश्र हे निवृत्त, प्रतिष्ठित गृहस्थ. एके सकाळी त्यांची पत्नी कमला जाहीर करते की, आपण कोण आहोत हे आपल्याला आता कळले आहे; आपण ग्रह आहोत. रामनाथांना वेडाचा संशय येतो. त्याहून अधिक त्यांना लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते, कारण ग्रहाला वस्त्रांची गरज नाही, असेही कमलेचे मत आहे. कथा इथेच थांबली असती तर ती मनोविकाराची वास्तववादी कथा झाली असती. पण कमलेच्या शरीरात खरोखरच चिमुकल्या जीवांची वस्ती आहे आणि ते जीव बाहेर येऊ लागतात. शेवटी ती जमिनीची ओढ झुगारून वर निघून जाते.

कमलेचे ग्रहत्व हे संसारात दबलेल्या स्त्रीच्या मुक्तीचे प्रतीक आहे, असे वाचन सहज शक्य आहे आणि ते चुकीचेही नाही. पण तेवढ्यावर थांबले तर कथेचा निम्मा अर्थ निसटतो. मानवी शरीर ही खरोखरच असंख्य सूक्ष्मजीवांची वसाहत आहे, हे जीवशास्त्राचे साधे सत्य आहे. ग्रह म्हणजे तरी जीवसृष्टी धारण करणारा, स्वतःच्या गतीने फिरणारा पिंडच. कमलेचे विधान म्हणजे, प्रमाण बदलले की कोणती विधाने खरी ठरतात, याची तपासणी आहे. मानवी मापाने पाहणाऱ्या रामनाथांना ते वेड वाटते. सूक्ष्म जीवांच्या मापाने पाहिले तर ती निव्वळ वस्तुस्थिती आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते की, निरीक्षकाची चौकट सांगितल्याशिवाय गतीविषयीचे विधान अपुरे असते. सिंग यांनी ती शिकवण दिवाणखान्यात आणून ठेवली आहे. चौकट निवडण्याचा अधिकार घरात नेहमी रामनाथांकडेच का असतो, हा कथेचा खरा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी कमलेला प्रत्यक्षात ग्रह करणे आवश्यक होते. नुसते रूपक इथे पुरले नसते, कारण रूपकाचा अर्थ लावण्याची सत्ताही पुन्हा रामनाथांच्याच हाती गेली असती.

'थर्स्ट' या कथेतील सुशीला ही नागकुळाचा वारसा अंगी असलेली गृहिणी आहे. पाण्याची तिची ओढ आईकडून आणि आजीकडून आलेली आहे. इथे विज्ञानाचा आधार देण्याचा प्रयत्नही लेखिकेने केलेला नाही. एका वैज्ञानिकाने नागिणीची कथा लिहावी आणि तिचे स्पष्टीकरण देऊ नये, हे रूढ कसोटीला मानवणारे नाही. परंतु कथेतील शिस्त पाहिली तर ती सैल नाही. एकदा सुशीलेच्या देहाची वेगळी प्रकृती मान्य केली की पुढचे सारे तिच्यातूनच क्रमाने उलगडत जाते. गृहीतक एक आणि परिणाम अनेक, ही रचना सिद्धांतमांडणीचीच आहे.

विचारप्रयोग म्हणून कथा

विज्ञानाच्या इतिहासात अशक्य कल्पनांना मानाचे स्थान आहे. उष्णतेच्या दुसऱ्या नियमाची कसोटी पाहण्यासाठी जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६७ मध्ये रेणूंची निवड करणारा एक बुद्धिमान जीव कल्पिला. पुढे तो 'मॅक्सवेलचा राक्षस' म्हणून प्रसिद्ध झाला. श्रोडिंगरने १९३५ मध्ये पेटीतील मांजराची कल्पना मांडली. अशा विचारप्रयोगांत घटना घडणे शक्य आहे की नाही, हा मुद्दा गौण असतो. त्या कल्पनेमुळे आपल्या गृहीतकांचे काय होते, हे महत्त्वाचे असते. केप्लरने तर याच हेतूने चक्क कथा लिहिली. त्याच्या मृत्यूनंतर १६३४ साली प्रसिद्ध झालेल्या 'सोम्नियम' या ग्रंथात चंद्रावरून पृथ्वी आणि आकाश कसे दिसेल याचे शास्त्रशुद्ध वर्णन आहे. परंतु चंद्रप्रवासाची माहिती देणारा मात्र एक पिशाचसदृश जीव आहे. आधुनिक खगोलशास्त्राच्या एका जनकाला अद्भुताचा आधार घेताना संकोच वाटला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सिंग यांच्या कथा या परंपरेत बसतात. पण त्या विचारप्रयोगापाशी थांबत नाहीत. मॅक्सवेलच्या राक्षसाला भूक नाही, घर नाही, शेजारी नाहीत. सिंग यांच्या पात्रांना ते सारे आहे. 'इन्फिनिटीज' या कथेतील अब्दुल करीम हा लहान गावातील गणिताचा शिक्षक. अनंताच्या गणिताने त्याला झपाटले आहे. काही अनंत इतर अनंतांपेक्षा मोठे असतात, हे गेऑर्ग कॅन्टरने १८७४ पासूनच्या आपल्या संशोधनातून सिद्ध केले. अब्दुल करीमला नजरेच्या कडेला अंधुक आकृती दिसतात. तो त्यांना फरिश्ते मानतो आणि त्यांच्यामागे इतर विश्वांची दारे असावीत, असे त्याला वाटते. गंगाधर या हिंदू मित्राशी त्याचा जिव्हाळा आहे. याच गावात जातीय दंगल पेटते.

अनंत विश्वांची दारे आणि जळणारी गल्ली ही दोन टोके एकाच कथेत आणण्यात मोठा धोका होता. गणित हे दंगलीपासून पळण्याचे साधन झाले असते, किंवा दंगल ही गणिताला दिलेली भावुक फोडणी ठरली असती. कथा या दोन्हींतून बचावते, कारण ती गणिताला दिलासा देऊ देत नाही. गणितातील सत्य कोणत्याही धर्माचे नसते, ही अब्दुल करीमची श्रद्धा खरी आहे. तरीही ती त्याच्या गल्लीतील एकाही माणसाला वाचवू शकत नाही. शुद्ध ज्ञानाची ही मर्यादा शोधनिबंधात मांडता येत नाही, कारण तिथे गल्लीला जागाच नसते. विज्ञानाने आपल्या पद्धतीसाठी जे बाहेर ठेवले, ते आत आणल्यावर ज्ञानाचे काय होते, हे पाहण्याचे काम इथे कथेने केले आहे.

'अँबिग्युइटी मशीन्स: अॅन एक्झामिनेशन' ही २०१५ सालची कथा प्राध्यापकवर्गाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. तिचे बाह्यरूप परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचे आहे. अमूर्त अभियांत्रिकीचे एक काल्पनिक मंत्रालय उमेदवारांपुढे अशक्य यंत्रांच्या तीन हकिकती ठेवते आणि त्यांवर विचार करण्यास सांगते. पहिली हकिकत एका मंगोल अभियंत्याची आहे. या यंत्रांना नेमके काय साधायचे आहे हे सांगणे कठीण असते. ती स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या सीमा पुसट करतात. प्रश्नपत्रिकेची भाषा कोरडी, कार्यालयीन आहे आणि हकिकती मात्र विरहाच्या आहेत. वर्गीकरणाची हौस असलेली ज्ञानव्यवस्था आणि वर्गीकरणात न मावणारा अनुभव यांच्यातील ताण या घाटातूनच निर्माण होतो. घाट आणि आशय यांची अशी एकरूपता दोन्ही संग्रहांत सर्वत्र साधलेली नाही. इथे ती साधली आहे.

'इंद्राज वेब' या कथेत महुआ ही ऊर्जाक्षेत्रातील वैज्ञानिक आहे. सौरऊर्जेवर चालणारी वस्ती उभारताना ती जंगलातील झाडांना जोडणाऱ्या बुरशीच्या जाळ्याकडून धडे घेते. अशा जाळ्यातून झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते, हे सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखविले आणि ती कल्पना पुढे लोकप्रिय झाली. २०२३ साली याच क्षेत्रातील काही अभ्यासकांनी पुराव्यांचा फेरआढावा घेऊन, या जाळ्याविषयी लोकप्रिय लेखनात केले जाणारे अनेक दावे उपलब्ध पुराव्यांच्या पुढे गेलेले आहेत, असा इशारा दिला. यामुळे 'इंद्राज वेब' कोसळते काय? कथेचे मूल्य बुरशीविषयीच्या माहितीवर अवलंबून असते तर ती निश्चित कोसळली असती. पण नगररचनाकाराने जंगलाकडे कच्चा माल म्हणून न पाहता गुरू म्हणून पाहावे, ही तिची मांडणी अबाधित राहते. याच धाग्यावर रुकय्या सखावत हुसेन यांच्या 'सुलतानाज ड्रीम' या १९०५ सालच्या कथेची आठवण होते. तिथेही विद्यापीठातील स्त्रिया सूर्याची उष्णता वश करतात. या कथेचे महत्त्व तिच्यातील सौरतंत्राच्या तपशिलावरून कुणी ठरवत नाही.

पैठण ते आकाशगंगा

दुसऱ्या संग्रहातील 'सोमदेव: अ स्काय रिव्हर सूत्र' ही कथा महाराष्ट्रातील वाचकाला एका वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटेल. 'कथासरित्सागर' रचणारा अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित सोमदेव या कथेत पुन्हा अस्तित्वात आणला जातो आणि ईशा नावाच्या प्रवासिनीबरोबर ताऱ्यांमधून हिंडतो. ईशा निरनिराळ्या ग्रहांवरील लोककथा गोळा करते आहे. सोमदेवाला मात्र आपली राणी सूर्यवती विसरता येत नाही. तिच्याच मनोरंजनासाठी त्याने तो ग्रंथ रचला होता. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'नुसार पती अनंताच्या मृत्यूनंतर ती सती गेली. कथा सांगत राहिल्याने मृत्यू टळत नाही, तरी कथा सांगत राहावे लागते, हे या रचनेचे सूत्र आहे.

सोमदेवाने आपल्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त सांगितले आहे आणि गुणाढ्याची हकिकत घडते ती सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणात. राजाला संस्कृत व्याकरण किती काळात शिकविता येईल, यावरून दरबारात पैज लागते. गुणाढ्य सहा वर्षे सांगतो, शर्ववर्मा सहा महिने. शर्ववर्मा नवे, सोपे व्याकरण घेऊन पैज जिंकतो. हरलेला गुणाढ्य ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करून रानात जातो आणि पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहितो. राजा ती नाकारतो. तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागतो. प्राणी चरणे सोडून अश्रू ढाळत ऐकत राहतात. राजा पोहोचेपर्यंत एक लाख श्लोकच शिल्लक उरतात.

शास्त्र आणि कथा यांच्या संबंधाविषयी आपल्या परंपरेने सांगितलेली ही एक बोधक आख्यायिका आहे. गुणाढ्य अडाणी नाही. तो शास्त्र जाणणारा पंडित आहे. शास्त्राच्या भाषा सोडल्यावरच त्याला कथा सापडते आणि दरबाराने नाकारलेली कथा मानवेतर सृष्टीला समजते. सिंग यांच्या कथाविश्वाशी या आख्यायिकेचे नाते दुहेरी आहे. एक तर शास्त्र जाणणाऱ्याने कथा सांगणे हे त्या परंपरेत हलके मानलेले नाही. दुसरे असे की, मानवेतर सृष्टी ही केवळ पार्श्वभूमी नसून कथेतील सहभागी आहे, ही गुणाढ्याच्या रानातील जाणीव सिंग यांच्या लेखनाचा पाया आहे. पहिल्या संग्रहाच्या अखेरीस जोडलेल्या टिपणात आधुनिक वास्तववादाविषयीचा त्यांचा मुख्य आक्षेप हाच आहे की, त्याने माणसाला उर्वरित विश्वापासून तोडले. 'रेक्विएम' या कथेतील वर्षा अलास्काच्या उत्तर टोकाला जाते ती बेपत्ता झालेल्या नातलग स्त्रीचे सामान आणण्यासाठी. तिथे तिला भेटतात ते देवमासे आणि त्यांच्याबरोबर पिढ्यान्पिढ्या राहिलेले लोक. किशोरवयात 'कल्पवृक्ष' या पर्यावरणगटाशी आलेला संबंध आणि पुढे हवामानबदलाच्या अध्यापनात घेतलेला रस यांची मुळे या दृष्टीत दिसतात. १९७९ मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा गट पुढे पुण्यातही रुजला.

अद्भुत आणि छद्मविज्ञान

इथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होऊ शकतो. पुराणकथा आणि विज्ञान यांची सरमिसळ करण्याचे उद्योग आपल्याकडे आधीच जोरात असताना, एका भौतिकशास्त्रज्ञाने नाग, फरिश्ते आणि कथासरित्सागर यांना कथेत आणावे काय? जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातील विमानविद्येविषयीचा निबंध वाचला गेला आणि त्यावरून मोठा वाद झाला. वस्तुतः अशा दाव्यांचा आधार असलेल्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच केली होती. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातील विमाने उडूच शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. चाळीस वर्षांनंतरही तो निष्कर्ष ऐकला गेला नाही.

या पार्श्वभूमीवर अद्भुताविषयीची सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण रोगाचे निदान चुकता कामा नये. 'कथासरित्सागरा'तही उडणारी यांत्रिक विमाने आहेत आणि लाकडी यंत्रपुरुषांचे नगर आहे. कथा म्हणून ती विलक्षण आनंद देतात. त्यांना इतिहास म्हटले की दोन गोष्टींचा नाश होतो. विज्ञानाचा होतो, कारण पुराव्याची अट शिथिल होते. कथेचाही होतो, कारण कल्पना करण्याचे श्रेय कवीकडून काढून घेऊन त्याला केवळ बातमीदार बनविले जाते. छद्मविज्ञान आपले काल्पनिकत्व लपविते. अद्भुतकथा ते पहिल्याच वाक्यात मान्य करते. सिंग यांचा सोमदेव ताऱ्यांमधून हिंडतो. पण प्राचीन काश्मिरात अवकाशयाने होती, असा दावा कथेत कुठेही नाही. त्याला तिथे नेणारी बुद्धी ईशाच्या काळातील आहे आणि त्याने बरोबर नेली आहे ती गोष्ट सांगण्याची कला. परंपरेचा सन्मान करण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे. कल्पिताला कल्पित म्हणून मान देणारा समाज पुराव्यालाही पुरावा म्हणून मान देण्याची शक्यता अधिक असते. म्हणून विज्ञानाची बाजू घेणाऱ्या समीक्षेने अद्भुतकथेला शत्रू मानण्याचे कारण नाही.

मर्यादा

या लेखनाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. काही कथांत कल्पनेचा आवाका इतका मोठा असतो की पात्रे तिची वाहक होऊन राहतात. 'इंद्राज वेब'मध्ये महुआच्या विचारांना जेवढी जागा मिळते, तेवढी तिच्या विरोधकांना मिळत नाही. परिणामी ती आदर्श वस्ती वाचकाला पटते, पण तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत पुरेशी जाणवत नाही. पतिपत्नींच्या कथांत पुरुषपात्रे अनेकदा आकलनाच्या अभावाची प्रतिनिधी बनतात. 'डेल्ही' या कथेत असीमला शहराच्या भूत आणि भविष्यातील माणसे रस्त्यावर दिसतात; तिथे दिल्लीचा काळ थरांथरांनी समर्थपणे उभा राहतो, पण ज्या स्त्रीच्या शोधात तो फिरतो ती शेवटपर्यंत एक प्रतिमाच राहते. भाषेचाही प्रश्न आहे. हिंदी आणि संस्कृत शब्दांचा नाद इंग्रजी वाक्यात उतरविताना इंग्रजी वाचकासाठी स्पष्टीकरण द्यावे लागते आणि भारतीय वाचकाला ते अनावश्यक वाटते. नागकुळाची गोष्ट ज्या समाजात नागपंचमीला घरोघरी सांगितली जाते, त्या समाजातील वाचकाला 'थर्स्ट'मधील काही खुलासे खटकतील. या उणिवा विज्ञानाच्या नाहीत, कथनाच्या आहेत. सिंग यांच्या कथा जिथे कमी पडतात तिथेही त्यांना विचारायचा प्रश्न वाङ्मयीनच असतो.

समारोप

भरताच्या रसविचारात अद्भुत हा स्वतंत्र रस असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव आहे. मराठी समीक्षेने अद्भुताला घटनेचा गुणधर्म मानले आणि घटना अशक्य असेल तर तिला अद्भुत म्हटले. रसविचाराच्या दृष्टीने अद्भुत हा घटनेचा नव्हे, तर तिच्यामुळे जागृत होणाऱ्या विस्मयाचा प्रश्न आहे. हा विस्मय वैज्ञानिकालाही परका नाही. नियम सापडण्यापूर्वीची आणि कित्येकदा सापडल्यानंतरचीही ती अवस्था आहे. वैज्ञानिक तो विस्मय प्रश्नात बांधतो, प्रश्न मोजता येईल इतका लहान करतो आणि उत्तर शोधतो. जे मोजता आले नाही ते त्या दिवसापुरते टेबलावर उरते. सिंग यांच्या कथा या उरलेल्या भागातून लिहिल्या गेल्या आहेत.

'फावला वेळ' या शब्दाचा अर्थ म्हणूनच नव्याने लावावा लागतो. महाविद्यालयांतून विज्ञानशाखा आणि कलाशाखा यांच्या इमारती जशा वेगळ्या, तशाच वैज्ञानिकाचे लेखन वाचण्याच्या सवयीही वेगळ्या झाल्या आहेत. विज्ञानाचा प्राध्यापक त्यात विज्ञान तपासतो आणि साहित्याचा प्राध्यापक ते विज्ञानाचे आहे म्हणून बाजूला ठेवतो. वंदना सिंग यांच्या कथा अभ्यासक्रमात आल्या तर त्या कोणत्या शाखेने शिकवाव्यात, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. 'इन्फिनिटीज' वर्गात वाचताना कॅन्टर समजावून सांगणारा आणि दंगलीचे समाजशास्त्र जाणणारा, असे दोन अध्यापक एकत्र बसावे लागतील. असा एक तास जरी कुठल्या महाविद्यालयात झाला, तरी तिथल्या विद्यार्थ्यांना विज्ञानकथेच्या व्याख्येपेक्षा अधिक काही हाती लागेल.